आठ-केचा कॅमेरा, चाकांची खुर्ची: प्रसिद्धीच्या व्हीआर फिल्मची झाडाझडती

पर्यटन प्रदर्शनातला व्हीआरचा (आभासी वास्तवाचा) स्टॉल लांबूनच ओळखू येतो. एक माणूस डोळ्यांवर डबा बांधून बसलेला, मान ताठ, हात मांडीवर, आणि भोवती चार जण त्याच्याकडे बघत उभे. चाळीस-पन्नास सेकंदांत तो हेडसेट काढतो, "मस्त आहे" म्हणतो आणि शेजारच्या स्टॉलवर सोलकढी प्यायला जातो. नातेवाइकांनी नवा सोफा दाखवल्यावर आपण म्हणतो, त्यातलं हे "मस्त".

त्याने पाहिलं काय? आधीचा प्रेक्षक अर्ध्यातून उठला होता, म्हणून फिल्म मधूनच सुरू झाली. भिंगांमधलं अंतर त्या आधीच्या माणसाच्या डोळ्यांना लावलेलं, म्हणून चित्र धुरकट. रिसॉर्टचा तलाव नेमका त्याच्या पाठीमागे राहिला आणि समोर आलं पार्किंग. फिल्म आठ-के (७६८० पिक्सेल रुंद चित्राच्या) कॅमेऱ्यावर शूट झाली होती, आणि कोटेशनमध्ये ते ठळक टायपात छापलेलंही होतं.

हॉटेल, होमस्टे, किल्ला, संग्रहालय, गाड्यांची शोरूम यांना "सिनेमॅटिक व्हीआर फिल्म" म्हणून जी सेवा विकली जाते, तिची ही तपासणी. निकाल आधीच सांगितलेला बरा. बहुतेक छोट्या ठिकाणांना दोन भिंगांचा ३६० कॅमेरा, म्हणजे चारही बाजू एकदम टिपणारा, पुरतो. मुख्यतः हेडसेटवरच दाखवायचं असेल तर १८० अंशांची त्रिमित फिल्म करावी. आणि कॅमेऱ्यावर वाचलेला पैसा खुर्ची, हेडसेट आणि ते चालवणाऱ्या माणसावर घालावा. प्रत्यक्षात खर्च उलट्या क्रमाने होतो. शूटवर सगळं बजेट संपतं आणि स्टॉलवर ऑफिसातली चाकांची खुर्ची येते.

नाव एक, माल तीन

"व्हीआर फिल्म" या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली सपाट ३६०: चारही बाजूंना चित्र, पण दोन्ही डोळ्यांना तेच, म्हणून खोली जाणवत नाही. दुसरी त्रिमित ३६०: प्रत्येक डोळ्याला वेगळं पूर्ण वर्तुळ. तिसरी व्हीआर१८०: पुढचं अर्धं जग, पण दोन्ही डोळ्यांना वेगळं आणि त्यामुळे खोलीसह. कोटेशनमध्ये यातलं कोणतं ते लिहिलेलं नसेल तर आधी ते लिहून घ्यावं. भावातला फरक तिथेच असतो.

त्यानंतर पिक्सेलचा हिशेब. चार-के ३६० फिल्मची रुंदी ३८४० पिक्सेल. ती सगळ्या ३६० अंशांवर पसरते, म्हणजे अंशाला जेमतेम पावणेअकरा पिक्सेल. हेडसेटमधून एका वेळी साधारण शंभर-एकशेदहा अंश दिसतात, त्यामुळे डोळ्यांसमोर येतात अकराशेच्या आसपास पिक्सेल, तेही नजर भरून ताणलेले. मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ हा हेडसेट अंशाला सुमारे २५ पिक्सेल दाखवू शकतो. आठ-के, म्हणजे ७६८० रुंदीची फिल्म अंशाला २१ पिक्सेल देते. हेडसेटसाठी आठ-के ही चैन नाही, ती किमान पात्रता आहे. फोनवर बोटाने फिरवून पाहायच्या फिल्मला मात्र ५.७-केही खूप झालं. "आमची फिल्म चार-के आहे" असं कोणी हेडसेटच्या संदर्भात अभिमानाने सांगत असेल तर तिथेच थांबावं.

मागचं अर्धं जग टाकून चालेल का, ही शंका सगळे विचारतात. २०१७ मध्ये यूट्यूबने ३६० व्हिडिओंचे हीटमॅप, म्हणजे नजर कुठे किती वेळ राहते याचे नकाशे, काढले. प्रेक्षक पाऊण वेळ समोरच्या ९० अंशांतच बघत बसलेला होता. त्याच वर्षी गूगलने व्हीआर१८० हा प्रकार पुढे आणला, आणि ते साहजिकच होतं. मागच्या बाजूला खरोखर काही घडत असेल, जसं बुरुजाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला गाव, तर ३६० घ्या. हॉटेलच्या खोलीत मागे कपाटच असतं. त्यासाठी निम्मे पिक्सेल कशाला घालवायचे?

ज्यांनी हे आधी केलं

मॅरियट हॉटेल्सने २०१४ मध्ये "टेलिपोर्टर" केला. टेलिफोन बूथसारखी उभी पेटी, आत ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटचा डेव्हलपर संच, आणि दोन मिनिटांहून कमी वेळात हवाईचा काळ्या वाळूचा किनारा आणि लंडनच्या उंच इमारतीचा माथा. चित्राबरोबर वारा, उष्णता आणि पाण्याचा शिडकावाही होता. आजच्या क्वेस्टपुढे त्या हेडसेटचं चित्र कमअस्सल वाटेल, तरी प्रयोग गाजला. कारण सरळ आहे. प्रेक्षक कुठे उभा राहणार, कुठे तोंड करणार, कधी सुरुवात होणार, हे सगळं पेटीने ठरवून टाकलं होतं.

त्याच वर्षी व्होल्वोने एक्ससी९० गाडीची टेस्ट ड्राइव्ह गूगल कार्डबोर्डवर दिली. पुठ्ठ्याचा डबा, आत स्वतःचा फोन. चालत्या दृश्यात मळमळ होते हे तेव्हाही ठाऊक होतं, पण इथे प्रेक्षक गाडीत बसलेला. डॅशबोर्ड आणि खिडकीची चौकट डोळ्यांसमोर स्थिर राहते, बाहेरचा रस्ता पळतो. मेंदूला धरायला काहीतरी स्थिर मिळतं. चालत्या शॉटचा हा नियम आजही तोच आहे.

थॉमस कुक या पर्यटन कंपनीने २०१५ मध्ये दुकानांत सॅमसंग गिअर व्हीआर हेडसेट ठेवले. न्यूयॉर्कच्या सहलींची विक्री १९० टक्क्यांनी वाढल्याचा दावा झाला, आणि व्हीआर विकणारे लोक आजही हा आकडा सादरीकरणात टाकतात. टाकू देत. टक्केवारी कशावरची हे विचारायला विसरू नये. आधी दहा तिकिटं जात असतील तर एकोणतीस झाली. मूळ कंपनी तर सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली, अर्थात त्याचं खापर हेडसेटवर फोडता येणार नाही.

दोन भिंगांचा कॅमेरा: इन्स्टा३६० एक्स५

एप्रिल २०२५ मध्ये आलेला हा कॅमेरा, सुरुवातीची किंमत साडेपाचशे डॉलर. पुढे एक, मागे एक फिशआय (अर्धं जग एका नजरेत घेणारं फुगीर) भिंग, आठ-के, सेकंदाला ३० फ्रेम. आधीच्या मॉडेलांत भिंगावर ओरखडा आला की कॅमेरा सर्व्हिसला जायचा. यात भिंग जागेवर बदलता येतं. किल्ल्याच्या दगडांत आणि वाळूत काम करणाऱ्याला ही एकच गोष्ट पैसे वसूल वाटेल. छोट्या ठिकाणाच्या फिल्मसाठी तो पुरेसा आहे. फक्त त्याच्या खोडी माहीत हव्यात.

पहिली खोड शिवणीची. दोन भिंगांची चित्रं जिथे जोडली जातात ती शिवण कॅमेऱ्याच्या दोन्ही कडांना येते. दोन्ही भिंगं एका जागी नाहीत, त्यांच्यात काही सेंटिमीटरचं अंतर आहे, म्हणून जवळची वस्तू प्रत्येकाला वेगळ्या कोनातून दिसते. लांबच्या माडाला फरक पडत नाही, जवळच्या माणसाला पडतो. होमस्टेच्या स्वयंपाकघरात आजी बिड्याच्या तव्यावर घावणे काढताहेत आणि कॅमेरा कडेने त्यांच्याकडे वळलेला, अर्ध्या मीटरवर, असं समजा. घावण्याचा एक तुकडा गायब होतो, आजींच्या हाताला सहा बोटं येतात किंवा चारच उरतात. उपाय साधा. भिंग सपाट त्यांच्या समोर धरावं, अंतर एक ते दीड मीटर, आणि कडांच्या दिशेला भिंत नाहीतर मोकळी जागा यावी. हे सॉफ्टवेअरमध्ये नंतर नीट होत नाही. "पोस्टमध्ये (शूटनंतरच्या एडिटमध्ये) करू" म्हणणाऱ्याला त्या तव्याचं काय करणार ते विचारा.

उंचीची चूक सगळ्यात जास्त होते. कॅमेरामन सवयीने आपल्या डोळ्यांच्या उंचीवर स्टँड लावतो, पण स्टॉलवरचा प्रेक्षक बसलेला असतो. त्याचं शरीर सांगतं की मी खुर्चीत आहे, चित्र सांगतं की जमीन पाच-साडेपाच फूट खाली आहे. त्याला टेबलावर उभं केल्यासारखं वाटतं आणि का ते कळत नाही. बसून पाहायच्या फिल्मला १२० ते १३० सेंटिमीटर बास. स्टँड बारीक एकदांडी असावा. कॅमेऱ्याच्या बरोबर खालची सडपातळ काठी शिवणीत विरून जाते, जाड ट्रायपॉडचे पाय दिसत राहतात. किनाऱ्यावर दुपारनंतरचा वारा ही काठी आडवी करतो, तेव्हा पायाशी वाळूची पिशवी ठेवा आणि नंतर त्या जागी लोगोचा गोल बसवा.

उजेडाचं पाहू. एक्स५ ला अॅपर्चर (भिंगाचं छिद्र) बदलता येत नाही, म्हणून एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) दोन्ही लॉक करूनच रेकॉर्ड करावं, नाहीतर ढग आला की अख्खं जग पिवळं-निळं होत राहतं. सूर्य शिवणीवर येऊ देऊ नये. दोन्ही भिंगांत वेगवेगळा झगमगाट येतो आणि आकाशात उभी रेघ दिसते. सूर्य सरळ एका भिंगासमोर असलेला परवडला. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली शटर १/५० नाहीतर १/१०० सेकंद ठेवावं. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि १/६० वर पट्ट्या लुकलुकतात. फोनवर त्या चालून जातात, हेडसेटमध्ये डोकं दुखतं. स्थिर शॉट आठ-के ३० फ्रेमवर, पण होडी, बैलगाडी, सायकल ५.७-के ६० फ्रेमवर घ्यावेत. चालत्या दृश्यात तीस फ्रेमचे धक्के हेडसेटमध्ये लगेच जाणवतात, थोडी धूसरता तितकी नाही. आणि एसी गाडीतून कॅमेरा थेट कोकणच्या दमट हवेत काढला की भिंगावर बाष्प धरतं. वीस मिनिटं बाहेर ठेवा, मग पुसा.

३६० मध्ये "कॅमेऱ्यामागे" अशी जागाच नसते. दिग्दर्शक, गाडी, चपला, चहाचे कप, सगळं चित्रात येतं. युनिटने भिंतीआड जायचं आणि फोनवरून रेकॉर्ड सुरू करायचं. फोनचा वायफाय दगडी भिंतीपलीकडे नीट पोचत नाही, म्हणून रेकॉर्ड आधी सुरू करून मग लपणं सोयीचं. येणारी-जाणारी माणसंही सगळी ओळखू येतात, त्यांची परवानगी घ्यावी लागते किंवा चेहरे झाकावे लागतात. सकाळी लवकर शूट करण्यामागचं खरं कारण हे आहे, "गोल्डन अवर" नव्हे.

सिंधुदुर्गाचा एक शॉट

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी हा कुठल्याही तारकर्ली-मालवण फिल्मचा हमखास शॉट, आणि हमखास बिघडणारा. कॅमेरा होडीला घट्ट बांधला आणि स्थिरीकरण बंद ठेवलं तर होडी स्थिर दिसते आणि क्षितिज डुलतं. प्रेक्षक खुर्चीत, त्याचा आतला कान म्हणतो काही हलत नाही, डोळे म्हणतात अख्खा समुद्र हलतोय. मिनिटभरात घाम. कॅमेऱ्याच्या सेटिंगने क्षितिज लॉक (कायम आडवं) केलं की उलट होतं: समुद्र सपाट राहतो, होडी त्याच्याभोवती डुलते. हेच हवं. पण होडीने वळण घेतलं की नवा प्रश्न उभा राहतो, कारण तेव्हा सगळं जग आडवं फिरू लागतं. म्हणून सरळ रेषेतला तुकडाच घ्यायचा, वीस सेकंद, होडीचा वेग एकसारखा. जेटीपासून सुटणं आणि किल्ल्याला लागणं दोन्ही कापून टाका.

या किल्ल्याला व्हीआरसाठीच केल्यासारखी एक गोष्ट आहे. त्याचा महादरवाजा बाहेरून दिसत नाही. तटबंदी अशी वळवली आहे की अगदी जवळ गेल्याशिवाय प्रवेश कुठून ते कळत नाही. साध्या फिल्ममध्ये कॅमेरामनच दरवाजा शोधून दाखवतो, गंमत तिथेच संपते. व्हीआरमध्ये कॅमेरा तटासमोर स्थिर ठेवा, शॉट पंचवीस सेकंदांचा, आणि वाटाड्याचा फक्त आवाज येऊ दे: "दरवाजा शोधा बघू." प्रेक्षक मान फिरवून शोधतो. खुर्चीत ताठ बसलेला माणूस पहिल्यांदा हलतो तो इथे. मग कट, आणि आपण दरवाजाच्या आत, तोंड पुन्हा बाहेरच्या दिशेने. त्या वळणाचा उपयोग तेव्हा कळतो. फिल्ममध्ये असे दोन शॉट असतील तर ड्रोनचे सहा काढून टाकले तरी चालतात.

परवानग्यांचं थोडक्यात. सिंधुदुर्ग हे पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक, आणि २०२५ पासून युनेस्कोच्या यादीतल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी एक. व्यावसायिक चित्रीकरण आणि ट्रायपॉड यांना आधी लेखी परवानगी लागते; कॅमेरा मुठीएवढा आहे ही सबब चालत नाही. ड्रोनसाठी डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर झोन पाहावा. चिपीचा विमानतळ या भागात आहे हे लक्षात असू द्या. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा शूटची तारीख त्या हिशेबाने धरा.

दोन डोळ्यांचं भिंग: कॅननचं ५.२ मिलिमीटर

कॅननने २०२१ मध्ये जाहीर केलेलं आरएफ ५.२ मिमी एफ/२.८ हे एकाच नळकांड्यात बसवलेलं जुळं फिशआय. सुरुवातीची किंमत दोन हजार डॉलर, कॅननच्याच ईओएस आर५ किंवा आर५ सी कॅमेऱ्यावर लागतं. दोन भिंगांमधलं अंतर ६० मिलिमीटर, म्हणजे जवळपास माणसाच्या डोळ्यांएवढं. एकच सेन्सर, एकच फाइल, शिवण नाहीच. हेडसेटवर याचं चित्र एक्स५ च्या कितीतरी पुढे आहे, आणि फरक माणसाच्या चेहऱ्यावर सगळ्यात जास्त दिसतो. दीड ते चार मीटरवर बसलेला कुंभार, ताटात वाढलेलं जेवण, पैठणीचा माग, यांना हात लावावासा वाटतो. लांबच्या डोंगराला मात्र याचा काही उपयोग नाही. दहा-पंधरा मीटरच्या पुढे दोन्ही डोळ्यांना जवळपास तेच दिसतं. समुद्राला त्रिमिती लागत नाही, मागावरच्या धोट्याला लागते. म्हणून "भव्य निसर्ग त्रिमित दाखवू" असं कोणी म्हणालं तर तो पैसा वाचवावा.

याच्या खोडी वेगळ्या. सेन्सरवर डावं चित्र उजवीकडे आणि उजवं डावीकडे पडतं. कॅननच्या ईओएस व्हीआर युटिलिटीतून रूपांतर केलं की ते सरळ होतं. घाईत दुसऱ्या मार्गाने एक्स्पोर्ट केलं आणि अदलाबदल राहिली तर खोली उलटी होते: नाक आत, भिंत पुढे. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, फक्त बघवत नाही.

दुसरं, कॅमेरा पाणसळीत हवा. साध्या फिल्ममध्ये दोन अंशांचा तिरकेपणा एडिटमध्ये फिरवून काढता येतो. इथे चित्र फिरवलं की एका डोळ्याचं चित्र वर आणि दुसऱ्याचं खाली सरकतं, आणि डोळ्यांना ते एकत्र आणताना ताण पडतो. जागेवरच बुडबुडा पाहून लेव्हल करा. एका भिंगावर बोटाचा ठसा राहिला तर एका डोळ्याला धुकं, दुसऱ्याला स्वच्छ. प्रत्येक शॉटआधी दोन्ही पुसायची सवय लागली पाहिजे. आर५ आठ-केमध्ये वीसेक मिनिटांत तापतो, मे महिन्याच्या उन्हात त्याआधीच. आर५ सी मध्ये पंखा आहे आणि आठ-के ६० फ्रेमही मिळतात; भाड्याने घ्यायचा तर तोच घ्या. भिंगाचा कोन १९० अंश आहे, म्हणजे तुमची पायाची बोटं आणि स्टँडचा पुढचा पाय दोन्ही चित्रात येऊ शकतात.

सहा-आठ भिंगांच्या त्रिमित ३६० कॅमेऱ्यांबद्दल फार बोलण्यासारखं उरलेलं नाही. इन्स्टा३६० प्रो २ आणि टायटन अजून भाड्याने फिरतात. चित्र चांगलं, पण शिवणी सहा किंवा आठ, आणि मिस्टिकासारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक शॉट हाताने नीट करताना दिवस जातात. ब्लॅकमॅजिकचा उर्सा सिने इमर्सिव्ह कॅमेरा बाजारात आला तेव्हा तीस हजार डॉलरचा, अॅपल व्हिजन प्रोसाठी बनलेला. व्हिजन प्रो हा हेडसेट स्वतःच ३,४९९ डॉलरचा. आपल्याकडच्या स्टॉलवर तो रांगेतल्या दोनशे माणसांच्या डोक्यावर चढवायला कोणी धजावणार नाही.

कट, आवाज आणि फाइल

साध्या जाहिरातीत दोन-तीन सेकंदांचा शॉट चालतो. इथे प्रेक्षकाला प्रत्येक कटनंतर "मी कुठे आलो?" हे शोधायला चार-पाच सेकंद लागतात. शॉट १५ ते २५ सेकंदांचा, चार मिनिटांच्या फिल्ममध्ये जास्तीत जास्त बारा. पहिले दहा सेकंद काहीही घडू देऊ नये: शांत ओसरी, एखादी कोंबडी, बास. लोक तेवढा वेळ फक्त आपण हेडसेट घातलाय यालाच सरावत असतात. कट करताना एकच गोष्ट पाहावी. आधीच्या शॉटच्या शेवटी नजर जिथे असेल, त्याच दिशेला पुढच्या शॉटमधली महत्त्वाची वस्तू आली पाहिजे; नसेल तर सपाट ३६० शॉट एडिटमध्ये आडवा फिरवून आणावा. पार्किंगकडे बघणाऱ्या माणसाचा घोळ इथेच झालेला असतो. कोणीतरी कॅमेऱ्याचं "समोर" हेच प्रेक्षकाचं "समोर" धरून चाललेलं असतं.

मराठी नावं-पाट्या ३६० मध्ये एकाच जागी टाकल्या तर निम्म्यांना दिसत नाहीत. १२० अंशांच्या अंतराने तीनदा टाकाव्यात.

आवाजासाठी झूम एच३-व्हीआरसारखा चार वाहिन्यांचा अॅम्बिसॉनिक रेकॉर्डर कॅमेऱ्याच्या खाली लपवतात. मान फिरवली की समुद्राचा आवाज समुद्राच्याच दिशेला राहतो. रेकॉर्डरचं तोंड आणि कॅमेऱ्याचं तोंड एकाच दिशेला हवं. दोन्हींवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर लाटा डावीकडे आणि गाज उजवीकडे. निवेदन मात्र या दिशांच्या खेळात घालू नये, ते दोन्ही कानांत स्थिर ठेवावं.

यूट्यूबवर टाकायच्या फाइलमध्ये ३६० चा मेटाडेटा (फाइलच्या प्रकाराची आत लपलेली नोंद) नसेल तर लोकांना ताणलेली, वाकडी पट्टी दिसते. गूगलचं स्पेशियल मीडिया मेटाडेटा इंजेक्टर हे छोटं मोफत साधन ते काम करतं. आठ-के आवृत्ती यूट्यूबवर तयार व्हायला तास-तास जातात, म्हणून उद्घाटनाच्या सकाळी अपलोड करून लिंक वाटू नका. हेडसेटसाठीची फाइल एच.२६५ या व्हिडिओ-प्रकारात, आणि नावात ३६० की १८०, वर-खाली की डावं-उजवं याची खूण इंग्रजी अक्षरांत, कारण बरेचसे प्लेअर नावावरूनच प्रकार ओळखतात.

प्रॉडक्शन हाउसकडून फक्त लिंक घेऊन समाधान मानू नये. जोडलेला पूर्ण मास्टर (अंतिम मूळ प्रत), आवाजाचे वेगळे ट्रॅक आणि मूळ फुटेज हार्ड डिस्कवर मागा, आणि करारात लिहा. ऑक्युलस गो हा हेडसेट २०१८ मध्ये आला, २०२० मध्ये बंद जाहीर झाला. गूगलने डेड्रीम हा आपला फोनवरचा व्हीआर संच २०१९ मध्ये गुंडाळला आणि कार्डबोर्डची विक्री २०२१ मध्ये थांबवली. नोकियाचा ओझो कॅमेरा साठ हजार डॉलरला आला आणि दोन वर्षांत बंद पडला. त्या-त्या अॅपमध्ये अडकवून घेतलेल्या फिल्मा त्यांच्याबरोबर गेल्या. मास्टर हाताशी असलेल्यांनी पुन्हा एक्स्पोर्ट केल्या.

खुर्ची

इथे सगळं ठरतं. चार मिनिटांची फिल्म आणि घालणं-काढणं-समजावणं दोन मिनिटं, म्हणजे एका हेडसेटवर तासाला दहा माणसं. प्रदर्शनात गर्दीचे चार तास धरले तर चाळीस. रांग लागते आणि पाठ फिरवून जाते. यावर दुसरा हेडसेट घेण्याआधी अडीच मिनिटांची आवृत्ती करून ठेवा. घालण्याचा वेळ दीड मिनिटावर आणला की पंधरा माणसं होतात. क्वेस्ट ३ ची बॅटरी दोन तासांच्या थोडी वर चालते, म्हणून दोन चालू आणि तिसरा चार्जिंगला, असा संच लागतो. लावलेल्या केबलवर फिरत्या खुर्चीतल्या माणसाला बसवू नये, दोन फेऱ्यांत ती गळ्यात येते.

खुर्ची फिरती हवी, पण बिनचाकांची. चाकं असली की माणूस मागचं बघायला पाय जमिनीला लावून ढकलतो आणि स्टॉलबाहेर जातो. पाठ असलेली, हात नसलेली सगळ्यात सोयीची.

हेडसेटमध्ये क्वेस्ट ३ आणि ३एस यांतली निवड भावावर करू नये. सुरुवातीच्या किमती ५०० आणि ३०० डॉलर. ३एस मध्ये जुन्या पद्धतीची फ्रेनेल (वर्तुळाकार खाचांची) भिंगं आहेत, मधोमध नीट दिसतं आणि कडेला चित्र विरघळतं. डोक्यावर जरा वाकडा बसला की सगळंच धूसर. नवख्या माणसांना घाईत घालायचा हेडसेट म्हणजे तो वाकडाच बसणार. भिंगांतलं अंतरही ३एस मध्ये फक्त तीन खाचांवर बदलतं, क्वेस्ट ३ ला चाक आहे. शिवाय ३एस ला हेडफोनचं भोक नाही. प्रदर्शनाच्या गोंगाटात हेडसेटचे उघडे स्पीकर ऐकू येत नाहीत, कान झाकणारे हेडफोन लागतातच. स्टॉलसाठी क्वेस्ट ३, बिनबोभाट.

चालवणाऱ्या मुलाला चार गोष्टी शिकवाव्या लागतात, आणि तो मुलगा सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच हवा. हेडसेट काढला की आतला सेन्सर फिल्म थांबवतो. पुढच्याला देण्याआधी ती सुरुवातीला आणायची. माणूस बसला, समोर बघू लागला, की उजव्या कंट्रोलरवरचं मेटाचं बटण दाबून धरायचं, म्हणजे फिल्मचं "समोर" त्याच्या समोर येतं. मग विचारायचं, "अक्षरं स्वच्छ दिसताहेत का?", आणि चाक फिरवायचं. "दिसतंय का?" विचारलं तर सगळे "हो" म्हणतात. फिल्मच्या आधी अक्षरांची एक पाटी असलेली बरी. आणि कोणाला गरगरलं तर "डोळे मिटा" सांगून हेडसेट लगेच काढायचा, "थोडं राहिलंय" म्हणायचं नाही.

अंधाऱ्या स्टॉलमध्ये हेडसेटचे कॅमेरे भोवताल ओळखू शकत नाहीत आणि फिल्मवर "ट्रॅकिंग गेलं" अशी सूचना येऊन बसते. बसून पाहायच्या फिल्मला हेडसेट ट्रॅकिंगची गरज नाही. सेटिंगमध्ये ते बंद करा, मान फिरवणं चालूच राहतं आणि सीमारेषांचा जाळीदार पडदाही मधे येत नाही. फिल्म प्रत्येक हेडसेटमध्ये कॉपी केलेली हवी. प्रदर्शनाच्या वायफायवरून आठ-के चालवायचा विचार कोणी करू नये.

अंबाडा आणि गजरा असलेल्या बाईंच्या डोक्यावर पट्टा कसा लावायचा ते आधी घरच्यांवर सराव करून ठेवावं: पट्टा पूर्ण सैल, हेडसेट आधी चेहऱ्याला, मग मागचा भाग अंबाड्याखाली. तेलकट केसांनी आणि घामाने फोमची गादी दुपारपर्यंत वास मारते, म्हणून सिलिकोनचं आवरण, दर माणसामागे पुसलेलं. भिंगांना मात्र ओला वाइप लावायचा नाही, कोरडं मायक्रोफायबरच. चष्मा असणाऱ्यांसाठी हेडसेटची खोली वाढवून ठेवा, घासलेल्या भिंगाला इलाज नाही. मेटाच्या नियमानुसार दहा वर्षांखालच्या मुलांना हेडसेट नाही; ती रडू नयेत म्हणून तीच फिल्म एका टॅबवर फिरवायला द्या.

मोकळ्या मैदानातल्या स्टॉलवर दुपारी ऊन सरकत आत येतं, तिकडे लक्ष असू द्या. हेडसेट टेबलावर ठेवताना आतली भिंगं खाली नाहीतर सावलीकडे. भिंगं आकाशाकडे करून ठेवलेला हेडसेट उन्हात थोडा वेळ राहिला तरी तीच भिंगं सूर्य पडद्यावर एकवटतात, आणि तिथे पडलेला डाग कुठल्याच सेटिंगने जात नाही.